गरुडाचे हात

वैशाख त्या वर्षी दात विचकत आला.

आडबंदरच्या कातळावर ऊन उतरलं नाही, कोसळलं. तांबडा कातळ, तांबडी धूळ, तांबडी वाट. आणि त्या साऱ्या तांबडेपणावर ताणलेलं एक पांढरं, निष्ठुर, निर्विकार आकाश. काजूची शेवटची बोंडं झाडावरच काळी पडली. विहिरींनी पाणी खोल ओढून घेतलं. समुद्र होता, अगदी समोर होता, पण त्याच्या चकाकत्या अंगाकडे डोळा भरून बघायची सोय नव्हती. दुपारी गावात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, आणि मारलीच तर भांडायला मारत होतं.

जिथे कातळ संपतो आणि खाडी सुरू होते, त्या कडेला नारायणाचं देऊळ. दुग्धधवल भिंती, आणि त्या धवलतेवर रक्तवर्णी आकृत्या. हत्ती तांबडे, घोडेस्वार तांबडे, कमळं तांबडी, ऋषी तांबडे, अप्सरा तांबड्या. सगळे शांत, सगळे सुबक, सगळे गाभाऱ्याकडे तोंड करून वाकलेले. इतकी नम्रता एका जागी जमली की बघणाऱ्याला उगाच खाकरावंसं वाटतं. पण गावाला त्या भिंतींचा अभिमान होता. अभिमान या गावात कधी कमी पडलेला नाही.

त्या भिंतीला एक जखम होती. दाराच्या उजव्या अंगाला हात जोडून उभा असलेला गरुड गेल्या पावसाळ्यात ओलीने फुगला, सुटला आणि पायरीवर येऊन पडला. मागे उरली एक उघडीबोडकी चौकट आणि चौकटीतला जांभा दगड. येणारा-जाणारा आधी देवाला नमस्कार करी, मग त्या चौकटीकडे बघे, आणि मग मेस्त्रींच्या घराला नावं ठेवत घरी जाई.

कारण ते कावीचं काम, आणि कावीचं काम त्या घराचं. पणज्याने या भिंती रंगवल्या असं गाव म्हणतं, पण ते खरं नाही. कावीत रंग लावून चित्र होत नाही, रंग काढून होतं. आधी शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा लेप. त्यावर चुन्यात कालवलेल्या तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, पातळ ओला थर. थर ओला आहे तोवर पोलादी काट्याने आकृतीची रेघ ओढायची, आणि रेघेबाहेरची काव पात्याने खरवडून टाकायची. खालचा पांढरा चुना उघडा पडतो, आकृती तेवढी तांबडी उरते. एकदा खरवडलं ते खरवडलं. शेवटी नदीतला गुळगुळीत गोटा भिंतीवर फिरवायचा, घासून घासून तिला झळाळी आणायची. गोटा फिरला की भिंत देवाची झाली. चित्र बरं असो की वाईट, त्यानंतर तिला हत्यार लावायचं नाही. हा त्या घराचा नेम. आणि गोटा फिरवायचा तो घरातल्या वडील मेस्त्रीनेच, हाही नेम.

नेम सगळे पुरुषांसाठी होते. बायकांसाठी चुना होता.

कालिंदी त्या घरची सून. खाडीपल्याडून लग्न होऊन आली आणि आल्या दिवसापासून तिच्या वाट्याला चुना आला. शिंपल्या वेचायच्या, भट्टीत भाजायच्या, चुना विझवायचा, गुळाच्या पाण्यात भिजवून उखळात कुटायचा. कुटायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा कुटायचा, लोण्यासारखा होईतो कुटायचा. चुन्याने तिची बोटं फुटली, तळहातावरच्या रेषा पुसट झाल्या. आमटीत मीठ घालताना चिमूट झोंबली की ती ओठ चावून आमटी ढवळत राही. त्या घराने गुळगुळीत केलेल्या प्रत्येक भिंतीच्या पोटात तिचे हात होते. ते कुणाला दिसत नव्हते, कारण दिसायची तरतूदच नव्हती.

तिला काटा हवा होता. सरळ सांगायचं तर एवढंच. दागिना नको, माहेर नको, कौतुक नको. तो वीतभर पोलादी काटा हवा, आणि एक ओली भिंत.

एकदा तिने तो घेतला. सासरा आत्माराम मेस्त्री आणि नवरा मोरेश्वर शेजारच्या गावी कामावर होते. अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या मागच्या अंगाला तिने उरलासुरला चुना लावला, उरलीसुरली काव लावली, आणि एक मासा काढायला घेतला. रेघ बरी आली. ती इतकी बरी आली की आनंदाने तिचं भान सुटलं, आणि बाहेरची काव खरवडायची सोडून तिने आतलीच खरवडली. तांबड्या पाण्यात पांढराफेक मासा उघडा पडला. कावीच्या कामात याहून मोठी नामुष्की नाही. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की आकृतीच्या आत पातं घालायचं नाही. कालिंदीला ती कुणी सांगितली नव्हती, कारण तिला काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

पण घाबरण्याआधी, अगदी क्षणभर, तो मासा तिला आवडला होता.

संध्याकाळी आत्माराम आला, त्याने मासा पाहिला, आणि अंगण हादरेल असा ओरडला.

"आकृतीचा पोट फाडलंस! देवाच्या तुळशीर!"

त्याने मूठभर काव उचलून माशावर फेकली. थोडी तिच्या तोंडावर उडाली. कुंपणापलीकडे जे कान होते त्यांनी बाकीचं काम केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात कालिंदीचं नाव पडलं 'उलट्या हाताची'. पाणवठ्यावर उलट्या हाताची, लग्नाच्या मांडवात उलट्या हाताची, देवळाच्या पायरीवर उलट्या हाताची. नाव ठेवायला या गावाला मुहूर्त लागत नाही.

मग ती पुळणीवर गेली. तसं शिंपल्यांसाठी जावंच लागे. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी ओल्या वाळूचा विस्तीर्ण, तकतकीत, निःशब्द पट पसरे, आणि शिंपल्यांची टोपली भरली की कालिंदी काठी घेऊन त्या पटावर वाकत असे. पुळण विचारत नाही, तू कुणाची कोण. पुळण म्हणत नाही, उलटं झालं. काठी चाले, वाळू उमटे, वारा वाही, आणि कालिंदी कुणाचीच सून नसे.

तिथेच तिने त्याला पाहिलं. माडाच्या शेंड्यावरून तो निघे. शुभ्र पोट, शुभ्र मान, करडे, रुंद, निर्दय पंख. समुद्रगरुड. आकाशाच्या उंच कोपऱ्यात तो इतका स्वस्थ तरंगे की त्याला काही काम आहे असं वाटू नये. आणि मग तो पडे. पंख मागे, पंजे पुढे, सरळ, उघडपणे, कुणाची क्षमा न मागता. पाणी फुटे. मासा वर येई. असा तो उन्हात पडताना, वाऱ्यात पडताना, पाण्यावर पडताना तिने कितीदा पाहिला. हात जोडून उभा राहिलेला मात्र कधीच पाहिला नाही.

ती त्याला वाळूत काढू लागली. आधी पंख बेडौल आले, मग पंख बरे आले आणि मान बिघडली, मग मानही साधली. रोज भरती येई, रोज सगळं पुसून नेई, आणि कालिंदीला बरं वाटे. बरं वाटे हेच तिचं दुखणं होतं. पुसून जाणारं चित्र काढायला छाती लागत नाही, हे तिला कळत होतं आणि ते मनाला लागत होतं.

अशात मोरेश्वर गोव्याला गेला. घरोघरी चकचकीत टाइल्स बसवायला गेला आणि तिथलाच झाला. आत्मारामच्या उजव्या हाताला कंप सुटला. पेलाभर चहा ओठाशी नेईपर्यंत तो निम्मा सांडे. आणि गावचा मानकरी दाजी परब, ज्याच्या घराण्याचा देवळात पहिला नारळ आणि ज्याच्या तोंडात पहिला शब्द, त्याने भर बैठकीत सांगून टाकलं. वैशाखी पौर्णिमेला देवळाचा वर्धापन आहे. त्याआधी गरुड उभा राहिला नाही, तर झाडून सगळ्या भिंतींवर देवांची चित्रं छापलेल्या टाइल्स बसतील. धुवायलाही बऱ्या.

आत्माराम घरी आला तो ओसरीवर बसलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, चुलीकडे पाठ करून. सुनेच्या तोंडाकडे बघून बोलायची त्याला सवय नव्हती.

"ह्या कामाक घरात दुसरो हात नाय म्हणान सांगतंय. हात तुजो, डोळो माजो. मी सांगतंय तशीच रेघ. जुनो होतो तसोच गरुड."

"होय, मामांनू."

"चुकलंस तर काटो खाडीत. मगे ह्या घरात कावीचा नाव नाय."

 चुलीवरचं दूध उतू गेलं आणि ते कुणीच उतरवलं नाही. त्या रात्री तिला आनंद झाला होता का, तर झाला होता. आणि अपमान वाटला होता का, तर तोही वाटला होता. दोन्ही एकाच घोटात गिळावे लागले.

कामाचा दिवस उजाडला तो पांढरा उजाडला. सकाळपासूनच कातळ तापला. देवळाच्या भिंतीला बांबूंची परांची बांधली होती, आणि कालिंदी पदर खोचून तिच्यावर चढली तेव्हा खाली सगळं आडबंदर जमलं होतं. गावात मयत झालं तरी इतकी माणसं वेळेवर येत नाहीत.

"घोव गेलो गोव्याक, आनी ही चडली देवळार!" कुणीतरी बाई म्हणाली, ऐकू जाईल अशी.

"बगत रवा. उलट्या हाताची गरुडाक उलटो टांगतली."

हसं पिकलं. दाजी परब छत्री उघडून सावलीत उभा होता, आणि ती सावली फक्त त्याच्यापुरती होती. आत्माराम खाली जोत्यावर बसला, मांडीवर थरथरता हात, आणि भिंतीवर रोखलेले, म्हातारे, तिखट डोळे. चुन्याचा लेप आदल्या दिवशीच बसला होता, चौकटीत आणि चौकटीबाहेर भिंत सुटली होती तिथवर, पणज्याने काढलेल्या वेलीपर्यंत. कालिंदीने कुंचला बुडवला आणि साऱ्या लेपावर काव फिरवली. तांबडी, ओली, चकाकती काव.  तिला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती, आणि ती लपवायला परांचीवर जागा नव्हती.

"मुकुट," खालून आवाज आला.

तिने मुकुट ओढला.

"कानातली कुंडला. नाक वाकडा. खांदे खाली घे. खाली!"

तिने खांदे खाली घेतले.

"आता हात. जोड त्येचे हात. छातीकडे घे, जोड!"

तिने हात जोडले. पण काटा सरकत होता तो दबकत, थांबत, मागे वळून बघत. रेघ कसली ती, ओल्या कावेवर उमटलेली परवानगीची विनवणी होती. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा एक गरुड चौकटीत उभा राहिला. मान खाली, खांदे पडलेले, हात जोडलेले, कुठे बसू म्हणून विचारणारा.

"काय गो ही रेघ!" आत्माराम कडाडला. "आजाऱ्यासारकी! गाव हसता, ऐकाक येता मा?"

गाव हसत होतंच. दाजी परबची छत्रीही हसण्याने हलत होती.

आणि कालिंदीला राग आला.

कुणाचा, ते सांगणं सोपं आहे. सगळ्यांचा. छत्रीचा राग आला आणि छत्रीखालच्या माणसाचा आला. जोत्यावरच्या डोळ्यांचा आला. गोव्याच्या टाइल्सचा आला. स्वतःच्या दबकत्या बोटांचा सगळ्यात जास्त आला. भिंतभर वाकून उभ्या असलेल्या त्या सुबक, शांत, आज्ञाधारक तांबड्या आकृत्यांचा आला. आणि चौकटीतल्या या हात जोडलेल्या पाखराचा तर असा आला, की पाखराला हात असतात हे कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणून त्या पणज्याला जाब विचारावा. राग पायातून वर आला, आणि भीतीला परांचीवर जागाच उरली नाही.

कावीत एकच माफी आहे. रेघ ओढली पण खरवडलं नाही, तर तिच्यावर एकदा नवी काव फिरवता येते. फक्त एकदा. दुसऱ्यांदा चुना ती पीत नाही.

कालिंदीने कुंचला बुडवला आणि गरुडावरून फिरवला. मुकुट गेला. कुंडलं गेली. वाकलेली मान गेली, जोडलेले हात गेले. चौकट पुन्हा तांबडी, कोरी, ओली.

"काय करतंस? गो, काय करतंस?" आत्माराम उठून उभा राहिला. "सांगलंय तसोच काड!"

तिने ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं. हात तिचा होता, डोळा त्याचा होता, पण डोळा खाली होता आणि मध्ये तिची पाठ होती.

काटा चालला. आता तो दबकत नव्हता. डाव्या पंखाची कमान एका श्वासात आली, वाळूत येत असे तशी, फक्त इथे ती राहणार होती. उजवा पंख निघाला तो निघालाच. चौकटीची किनार आली, ओलांडली गेली, काटा पुढच्या जुन्या वेलीला खेटून थांबला. मान आली, पडणारी, नेम धरलेली. पंजे आले, पुढे झेपावलेले, नखं उघडी. दुरून आजाऱ्यासारखं, उलट्या हाताची, देवळार चडली, असं काहीबाही ऐकू येत राहिलं, जसा लांबून समुद्र ऐकू येतो.

मग तिने पातं उचललं, आणि आकृतीच्या आत घातलं.

या वेळी भान सुटलं नव्हतं. या वेळी तिला पक्कं ठाऊक होतं. ज्याचं पोट पांढरं आहे त्याचं पोट पांढरंच दिसलं पाहिजे, आणि त्याच्याभोवतीचं आकाश तांबडं, कारण आज आकाश डोळ्याला पांढरं असलं तरी अंगाला तसंच लागत होतं. आग ओकणारं, वैरी, विस्तीर्ण. पातं खाली येई, काव निघे, आणि आतून चुना वर येई. तिने वेचलेल्या शिंपल्यांचा, तिने भाजलेला, तिने विझवलेला, तिने कुटून कुटून लोणी केलेला चुना. इतकी वर्षं कावेखाली गाडला गेलेला तिचा पांढरा रंग पंख होऊन वर आला, छाती होऊन वर आला, उघडी निर्भय मान होऊन वर आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि घामात मिसळून गेलं. डोळ्याच्या जागी तिने कावेचा एक ठिपका तसाच ठेवला. तेवढा एकच तांबडा, रोखलेला.

ती बाजूला सरकली.

हसणं थांबलं. कुणीतरी धरलेली चिमुरडी रडायला लागली, तिला गप्प करायचं कुणाला सुचलं नाही.

"हो काय गरुड?" दाजी परबला आधी कंठ फुटला. "हेचे हात खय?"

"सोडलंय मी," कालिंदी म्हणाली.

"मेस्तरीनू!" दाजीची छत्री मिटली आणि काठीसारखी वर झाली. "पुसा ता! आत्ताच्या आत्ता! सुकाच्या आदी पुसा!"

मग सगळेच ओरडू लागले. पुसा, पुसा. देवाच्या दारात गिधाड काढलं म्हणे. वर्धापन नासवला म्हणे. उलट्या हाताने उलटं केलं म्हणे. आत्मारामने कावेची बादली उचलली, थापी उचलली, आणि तो परांची चढू लागला. चढताना त्याचा हात थरथरत होता आणि बादलीतून काव सांडत होती, बांबूवर, धोतरावर, पायांवर.

कालिंदीने आजूबाजूला पाहिलं. टोपलीत हत्यारांशेजारी फडक्यात गुंडाळलेला गोटा होता. काळा, गुळगुळीत, पणज्याच्या तळहातापासून झिजत आलेला. तो आत्मारामसाठी आणला होता. तिने फडकं सोडलं, गोटा मुठीत धरला, आणि पंखाच्या टोकापासून घासायला लागली.

"ठेव तो!" आत्माराम फळीवर पोचला होता. "तो माजो!"

"हात माजो," ती म्हणाली. "तुमीच म्हणालात."

त्याने थापी भरली आणि मारली. ओली, गार, चुनकट काव सपकन आली ती पंखावर नाही, तिच्या हातावर आली. फुटलेल्या बोटांत चुना घुसला. झोंबलं असं की डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिने हात काढला नाही.

"घाला," ती म्हणाली. "आजून घाला. माज्या हातार घाला. मी हात काडूचंय नाय."

गोटा फिरत राहिला. पंखावरून छातीकडे, छातीवरून मानेकडे. खाली आवाज वाढत होते आणि वर ऊन वाढत होतं. सकाळपासून तिने त्या उन्हाला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या होत्या. ऊन कुणाच्या बाजूचं नव्हतं. त्याला ना देवाचं पडलेलं, ना दाजीचं, ना तिचं. पण ते वाळवत होतं. चौकटीचे कोपरे फिके पडत चालले, मग किनार, मग आकाश. ओल आत आत सरकत होती, भिंत घट्ट होत होती, दगड होत होती, आणि तेवढ्या वैऱ्यासारख्या उन्हात तिला पहिल्यांदा गार वाटलं.

आत्मारामने पुन्हा थापी उचलली. आता ती चौकटीबाहेर गेलेल्या पंखावर आली. तिथे लेप द्यायचा तर शेजारच्या वेलीला धक्का लागणार होता, आणि वेल पणज्याच्या हातची. थापी हवेत थांबली. तो भिंतीच्या इतका जवळ आला होता की त्याचा श्वास ओल्या चुन्यावर पडत होता. आयुष्यभर रेघा बघितलेले ते डोळे पंखाच्या टोकापासून निघाले. कमानीवरून आले, मानेवर आले, पंज्यांवर उतरले. रेघेत कुठे थरथर आहे का, ते शोधत होते. थरथर त्याच्या हातात होती. भिंतीवर नव्हती.

"पंख चौकटीच्या भायर गेलो," तो म्हणाला.

"चौकट ल्हान आसा," कालिंदी म्हणाली.

ते तिने त्याच्याकडे न बघताच म्हटलं. मान, चोच, शेवटी तो तांबडा डोळा. गोटा तिथे हळूच टेकला, फिरला आणि थांबला. तिने तो फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवला. हातावरची काव वाळून तडकली होती आणि तड्यांतून रक्त येत होतं. तिने ते पुसलं नाही.

"मेस्तरीनू, काय बगतास?" खालून दाजी परब ओरडला. "मारा थापी!"

आत्माराम वळला. त्याचा चेहरा रागाने काळा पडला होता, आणि त्या रागाला कुठे जायचं ते कळत नव्हतं. सुनेने त्याचं ऐकलं नव्हतं. सुनेने त्याचा गोटा घेतला होता. घराण्याची आकृती तिने आतून बाहेर केली होती, गावासमोर, दिवसाढवळ्या. आणि वर भिंत अशी होती की तिला हात लावला तर त्याचाच नेम मोडणार होता, बापाचा मोडणार होता, पणज्याचा मोडणार होता.

"गोटो फिरलो," तो म्हणाला.

एवढंच. त्यात कौतुक नव्हतं, माया नव्हती, क्षमाही नव्हती. पण ते त्या घराचं शेवटचं वाक्य होतं, आणि आडबंदरात ते ऐकल्यावर पुढे बोलायचा रिवाज नव्हता. दाजी परबने छत्री उघडली आणि तो चालू पडला. टाइल्सचं काय ते बघून घेऊ म्हणाला. बायका पदर झटकत गेल्या. जाता जाता पायरीवर कुणी थुंकलं. पण जो तो, वळणावर पोचला की एकदा मागे वळून बघत होता, आणि मग चिडून अधिकच भराभर चालत होता.

आत्माराम परांची उतरला. खाली उभा राहून त्याने थरथरता तळहात वर केला. तिला समजलं. काटा तिच्या कमरेला खोचलेला होता, आणि काट्याची जागा आता खाडीत होती, ठरल्याप्रमाणे. ती फळीवर उभी राहिली आणि त्या रिकाम्या तळहाताकडे बघत राहिली. तिने काटा दिला नाही. बराच वेळ तो हात तसाच वर होता. मग तो दुखला असावा, किंवा थकला असावा. त्याने तो खाली घेतला, बादली उचलली, आणि काव सांडत, पुटपुटत, शिव्या देत तो घराच्या वाटेला लागला.

ऊन कलत गेलं. कातळ तांबडा होता, खाडी तांबडी झाली, आकाशही हट्टाने तांबडं झालं. वाकलेले हत्ती, वाकलेले ऋषी, वाकलेल्या अप्सरा त्या प्रकाशात एकेक करून विझत गेल्या, कारण तांबड्यात तांबडं दिसत नाही. दिसत होता तो एकच. पडणारा, पांढरा, रोखलेला. कालिंदी खाली उतरून पायरीच्या कठड्याला टेकून बसली होती. हात ठणकत होता, आणि उद्या गाव काय करील ते तिला माहीत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला भूक लागली होती.

खाली भरती आली. पुळणीवर आली, शिंपल्यांवर आली, सकाळच्या पावलांवर आली, सवयीने सगळं पुसत पुसत देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली, आणि तिथून फिरली. वर भिंत कोरडी होती. भिंतीवर गरुड होता. त्याचे हात मोकळे होते.